चातालहुयुक : साठ वर्षांचे उत्खनन आणि संज्ञांचा प्रश्न

महाराष्ट्रातील खेड्यात जमिनीचे दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. मातीची घरे बांधावी, ती खचावी, त्यांच्याच मातीवर पुन्हा नवी उभारावी, राख आणि केरकचरा तेथेच साचत जावा आणि कालांतराने गावठाण भोवतालच्या शिवारापेक्षा उंच व फिकट दिसू लागावे, ही सारी प्रक्रिया ‘पांढरी’ या एका शब्दात साठविलेली आहे. तुर्की भाषेत अशा जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘हुयुक’ म्हणतात. तुर्कस्तानच्या दक्षिण-मध्य भागात, कोन्या शहराच्या आग्नेयेस, चुमरा गावाजवळच्या सपाट मैदानात अशी दोन टेकाडे शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यामधून एके काळी चार्शांबा नदीचा प्रवाह वाहत असे. ‘चाताल’ म्हणजे फाटा, बेचके. त्यावरून या स्थळाला ‘चातालहुयुक’ असे नाव पडले. हे नाव अर्थातच तुर्की भाषा तेथे आल्यानंतरचे, म्हणजे गेल्या हजारएक वर्षांतले होय. ज्यांनी ते टेकाड घडविले ते लोक आपल्या वस्तीला काय म्हणत, हे सांगणारे काहीही तेथे उरलेले नाही. लेखनकलेचा उदय होण्यापूर्वी सुमारे अडीच हजार वर्षे पूर्वेकडील टेकाडावरची वस्ती संपुष्टात आली होती.

नवाश्मयुगाच्या अभ्यासात चातालहुयुकला जे स्थान आहे ते केवळ त्याच्या प्राचीनतेमुळे नव्हे. त्याहून जुन्या वसाहती पश्चिम आशियात अनेक आहेत. परंतु एकच टेकाड, एकाच पुराव्यावर आधारलेली दोन अगदी भिन्न वर्णने, आणि त्या दोन वर्णनांमध्ये बदललेल्या उत्खननपद्धतीचा संपूर्ण इतिहास, असा योग इतरत्र क्वचितच आढळतो. भाषेच्या अभ्यासकाला हे स्थळ आणखी एका कारणासाठी विचारात घ्यावे लागते. भारत-युरोपीय भाषाकुलाचे मूलस्थान याच प्रदेशात होते असा एक सिद्धांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला गेला, आणि त्याच्या परीक्षणात मराठीसारख्या आजच्या भाषेतील शब्दांनाही साक्षीला उभे राहावे लागते.

टेकाडाचा शोध १९५८ साली जेम्स मेलार्ट या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. १९६१, १९६२, १९६३ आणि १९६५ अशा चार हंगामांत मेलार्ट यांनी पूर्वेकडील टेकाडाच्या नैर्ऋत्य उतारावर उत्खनन केले. हे टेकाड सुमारे तेरा हेक्टर क्षेत्राचे आणि वीस मीटरांहून अधिक उंचीचे आहे. एकावर एक असे घरांचे थर त्यात आहेत. आज त्यांची संख्या अठरा मानली जाते, आणि पूर्व टेकाडावरील वस्तीचा काळ सुमारे इ.स.पू. ७१०० ते ५९५० असा ठरला आहे. म्हणजे अकराशे वर्षांहून अधिक काळ एकाच जागी लोक राहत होते. पश्चिमेकडील टेकाड त्यामानाने नंतरचे, मुख्यतः ताम्रपाषाणयुगातले.

घरांची रचना चमत्कारिक वाटेल अशी होती. घराला लागून घर, मध्ये गल्ली नाही, रस्ता नाही. भिंती कच्च्या विटांच्या, वर धाब्याचे सपाट छत. आत जाण्याचा मार्ग छतातून, शिडीने. मराठवाड्यातील माळवदाच्या घराला उजेडासाठी व धूर जाण्यासाठी वर जे सवणे ठेवतात, तेच येथे घराचे दार होते असे म्हणता येईल. शिडीखाली, बहुधा दक्षिणेच्या बाजूस, चूल व भट्टी. उत्तरेकडे व पूर्वेकडे गिलावा केलेले स्वच्छ ओटे. आणि त्या ओट्यांखाली घरातील मृतांची दफने. एका घरात तर साठाच्या आसपास व्यक्तींचे अवशेष मिळाले. भिंतींना पांढऱ्या मातीचा गिलावा पुन्हापुन्हा दिला जाई. काही भिंतींवर त्याचे शंभराहून अधिक पापुद्रे मोजता येतात. काही भिंतींवर चित्रे, काहींवर उठावाच्या आकृती, आणि कित्येक ठिकाणी रानबैलांची शिंगे भिंतीत वा ओट्यांत बसविलेली.

मेलार्ट यांचे काम वेगवान होते. चार हंगामांत त्यांनी दीडशेच्या आसपास इमारती मोकळ्या केल्या. १९६७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या ग्रंथमालेत तो निघाला तिचे संपादक मॉर्टिमर व्हीलर होते. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून ते आपल्याकडे सुपरिचित आहेत. ग्रंथाच्या उपशीर्षकातच चातालहुयुकला ‘आनातोलियातील नवाश्मयुगीन नगर’ म्हटलेले होते. त्या ग्रंथातील वर्णनाचा पाया तीन संज्ञांवर होता : नगर, देवालय आणि मातृदेवता. पुढील तीस वर्षे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या तिन्ही संज्ञा जशाच्या तशा उतरल्या, आणि पुढील पिढीच्या संशोधनाचा बराचसा भाग त्या संज्ञांची झडती घेण्यातच खर्च झाला.

त्यांपैकी ‘देवालय’ ही संज्ञा प्रथम घ्यावी. मेलार्ट यांनी उत्खनन केलेल्या वास्तूंपैकी सुमारे चाळीस वास्तूंना देवालये ठरविले. निकष असा, की ज्या खोलीत भित्तिचित्र, उठावाची आकृती अथवा बैलाची शिंगे आढळतील ते देवालय; बाकीची राहती घरे. इंग्रजीतील मूळ शब्द असा आहे की त्यात एखादे स्वतंत्र मंदिरही बसते आणि घरातला कोनाडाही बसतो. मराठीत या दोहोंना दोन शब्द आहेत : देऊळ आणि देवघर. देऊळ गावाचे असते, त्याला पुजारी असतो, त्याची व्यवस्था पाहणारे कोणी असतात. देवघर हे घराचाच एक भाग असते, आणि त्याच्या शेजारीच धान्याची कणगी असली तरी कोणाला विसंगत वाटत नाही. उद्याच्या एखाद्या उत्खनकाने देव्हारा सापडेल त्या प्रत्येक मराठी घराला देऊळ म्हटले, तर गावात पुजाऱ्यांचा केवढा मोठा वर्ग त्याला कल्पावा लागेल ! मेलार्ट यांना नेमके हेच करावे लागले. देवालये इतकी, तर तो भाग पुरोहितांच्या वस्तीचा असला पाहिजे, असे त्यांनी मानले. पुराव्यातून निघालेले हे अनुमान नव्हते. एका शब्दाच्या निवडीतून ते ओघाने आले होते.

मेलार्ट यांचे उत्खनन १९६५ नंतर थांबले, त्याला एक वेगळेच प्रकरण कारण झाले. १९५९ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात त्यांनी डोराक येथील एका कांस्ययुगीन खजिन्याची रेखाचित्रे प्रसिद्ध केली होती. हा खजिना त्यांच्याखेरीज कोणाही अभ्यासकाने कधी पाहिला नाही, आणि तो पुढे सापडलाही नाही. तुर्की वृत्तपत्रांतून टीकेचे काहूर उठले, शासनाचा विश्वास उडाला, आणि परवाना बंद झाला. टेकाड त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे तसेच पडून राहिले.

१९९३ साली इयन हॉडर यांच्या नेतृत्वाखाली नवे काम सुरू झाले. हॉडर हे विद्यार्थिदशेत मेलार्ट यांच्याच व्याख्यानांना बसलेले. आरंभीची दोन वर्षे त्यांच्या पथकाने केवळ पृष्ठभागाची पाहणी केली व जुन्या खड्ड्यांची साफसफाई केली. खोदकाम १९९५ पासून, आणि ते २०१७–१८ पर्यंत चालले. रॉजर मॅथ्यूज व त्यांच्यानंतर दीर्घकाळ शाहिना फरीद यांनी प्रत्यक्ष क्षेत्रकार्य सांभाळले. मेलार्ट यांनी ज्या वेळात घरांच्या रांगा उघड्या केल्या, त्या वेळात आता एकच घर खणले जाऊ लागले. जमिनीचे व गिलाव्याचे ठोकळे कापून त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत वेंडी मॅथ्यूज यांनी येथे विस्ताराने वापरली. त्या कापांत गिलाव्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये अडकलेली काजळीची रेघ दिसते, चुलीजवळची तुडवलेली राख दिसते, आणि झाडून स्वच्छ ठेवलेला ओटाही ओळखता येतो. प्रत्येक खोलीतील माती चाळून व पाण्यात तरंगवून बिया, मासळीचे काटे, दगडाच्या कपच्या वेगळ्या काढण्यात आल्या.

या संथपणाचे फळ ‘देवालया’च्या बाबतीत लगेच दिसून आले. ज्यांना देवालये म्हटले होते त्यांतही चुली होत्या, धान्याच्या कोठ्या होत्या, हत्यारे घडविताना उडालेल्या ऑब्सिडियनच्या कपच्या होत्या. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीतून निघणारी काच. ती दीडशे किलोमीटरांहून दूर असलेल्या कापाडोकियातून येई, आणि चुलीजवळ जमिनीत पुरून ठेवलेली सापडे. उलट, ज्यांना साधी घरे म्हटले होते त्यांतही दफने व रंगविलेल्या भिंती मिळाल्या. वेगळे देऊळ म्हणता येईल अशी एकही वास्तू मिळाली नाही. राजवाडा वा सभागृह म्हणावे असेही काही नाही. सर्व घरे घरेच होती, फक्त काही अधिक सजविलेली, अधिक मृतांना पोटात घेणारी आणि त्याच जागी, त्याच मांडणीने पुन्हापुन्हा बांधलेली. अशा घरांना हॉडर यांनी ‘इतिहास-गृहे’ म्हटले. हा शब्दही एक अर्थनिर्णयच आहे, आणि त्यावर वाद झालेले आहेत. मात्र या संज्ञेमुळे न सापडलेला पुरोहितवर्ग कल्पावा लागत नाही, एवढा तिचा गुण मान्य केला पाहिजे.

‘नगर’ या संज्ञेची गतही अशीच झाली. वस्ती मोठी होती यात शंका नाही. हॉडर यांच्या पथकाचा जुना अंदाज साडेतीन ते आठ हजार लोकसंख्येचा होता. परंतु टेकाडावरची सर्व घरे एकाच वेळी नांदती नव्हती; कित्येक पडकी असत, कित्येक जागी उकिरडे असत. हे धरून केलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेत मधल्या काळातील लोकसंख्या सहाशे ते आठशे इतकीच निघते. हे आकडे टोकाचे वाटतात, आणि दोहोंमधील निवाडा अजून व्हायचा आहे. पण हा धान्य, मेंढ्या आणि शिकार यांवर जगणारा फार मोठा गाव होता, त्यात नगराची श्रमविभागणी वा शासन यांचा मागमूस नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखे आहे.

मातृदेवतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथे संशोधनाशी श्रद्धाही गुंतली. १९६१ साली मेलार्ट यांना धान्याच्या कोठीत एक मृण्मूर्ती सापडली : स्थूलदेही स्त्री आसनावर बसलेली, दोन्ही हात दोन मार्जारवर्गीय श्वापदांच्या माथ्यांवर. अंकाराच्या संग्रहालयात ती आज पाहावयास मिळते. तिचे शिर मात्र आधुनिक जोडकाम आहे. या मूर्तीवरून, आणि भिंतींवरील हातपाय फाकलेल्या उठावाच्या आकृतींवरून, मेलार्ट यांनी प्रसवणाऱ्या महामातेचा पंथ उभा केला. पुढे दूरदूरच्या देशांतून देवीभक्त स्त्रिया या टेकाडाच्या दर्शनाला येऊ लागल्या.

नंतरच्या संशोधकांनी केले ते एवढेच, की सुंदर मूर्ती बाजूला काढून न ठेवता सर्व मूर्ती मोजल्या. लिन मेस्केल व कॅरोलिन नाकामुरा यांच्या गणनेत सुमारे दोन हजार मूर्तिकांपैकी स्पष्टपणे स्त्रीरूप म्हणता येतील अशा शेकडा पाचाहूनही कमी भरल्या. बहुसंख्य मूर्तिका प्राण्यांच्या. त्याही घाईघाईने वळलेल्या, उकिरड्यावर टाकून दिलेल्या. भिंतींवरील आकृतींची कथा याहून बोलकी आहे. त्या सर्वांची डोकी व पंजे प्राचीन काळीच तोडून टाकलेले होते, त्यामुळे त्या कोणाच्या हे ठरविण्यास आधारच नव्हता. २००५ साली मातीचा एक ठसा सापडला. त्यावर तशीच हातपाय वर केलेली, फुगीर बेंबीची आकृती होती, पण डोके व पंजे शाबूत. आणि ती होती अस्वलाची. चाळीस वर्षे जी जगन्माता म्हणून ओळखली जात होती, ती बहुधा अस्वल होती. २०१६ साली सुमारे एक किलो वजनाची, अखंड व अत्यंत कौशल्याने घडविलेली एक दगडी स्त्रीमूर्ती मिळाली, तेव्हा मातृदेवतेचा पक्ष पुन्हा उचल खाईल असे वाटले होते. हॉडर यांनी मात्र तिच्यात वयाने व मानाने थोर झालेल्या स्त्रीची प्रतिमा पाहिली. ही व्याख्या पहिलीपेक्षा अधिक सिद्ध आहे असे म्हणता येत नाही. तिचा दावा लहान आहे, इतकेच.

जुने वाचन प्रत्येक वेळी चुकले असाही निष्कर्ष काढता कामा नये. १९६३ साली मेलार्ट यांना एका भिंतीवर चौकोनांच्या जाळीसारखे चित्र व त्यावर दोन शिखरांचा ठिपकेदार आकार आढळला. त्यांनी ते वस्तीचा नकाशा आणि मागे आग ओकणारा हसन पर्वत असे वाचले. पुढे स्टेफनी मीस यांनी दाखविले, की ठिपकेदार आकार हा पसरलेल्या बिबट्याच्या कातड्याशी जुळतो आणि खालची जाळी ही तेथील इतर भौमितिक नक्षीसारखीच आहे. हे म्हणणे बहुतेकांना पटले. परंतु २०१४ साली भूशास्त्रज्ञांनी सुमारे १३० किलोमीटर दूर असलेल्या त्या पर्वतावरील प्युमिस दगडातील स्फटिकांचे वय काढले, आणि चित्राच्या कालखंडाच्या आसपासच तेथे उद्रेक झाल्याचे निघाले. त्यामुळे नकाशा सिद्ध होत नाही; पण चित्रकाराने ज्वालामुखी पाहिलाच नसेल, हा आक्षेप मात्र उरला नाही. बिबट्याच्या पक्षालाही एक अडचण आहेच. भिंतींवर बिबटे विपुल, पण वस्तीतील असंख्य हाडांत बिबट्याचे हाड जवळजवळ नाही. २००४ साली एका स्त्रीच्या दफनात बिबट्याच्या नखाचा अलंकार मिळाला. त्याच स्त्रीच्या कवेत गिलावा करून रंगविलेली एक मानवी कवटी होती. जो प्राणी चित्रात सर्वत्र आणि उकिरड्यात कोठेच नाही, तो घरात आणण्यास निषिद्ध असावा, असे हॉडर यांचे अनुमान आहे.

कापडाचे उदाहरण याहून साधे. मेलार्ट यांना दफनांतून जळून कोळसा झालेले विणकामाचे तुकडे मिळाले होते. ते लोकरीचे की जवसाच्या धाग्याचे, हा वाद साठ वर्षे चालला. २०२१ साली निष्पन्न झाले की धागा ओक वृक्षाच्या अंतर्सालीचा होता. दोन्ही पक्षांनी तिसरी शक्यता विचारातच घेतली नव्हती, कारण ‘नवाश्मयुगीन कापड’ म्हटले की लागवडीचे जवस किंवा पाळीव मेंढीची लोकर, असे संज्ञेनेच जणू ठरवून टाकलेले होते. रानबैलांच्या बाबतीतही हेच घडले. १९६० च्या दशकात येथील गुरे पाळीव ठरविली गेली. नंतरच्या हाडांच्या मोजमापांवरून ती दीर्घकाळ रानटीच होती, आणि पाळीव होत्या त्या मेंढ्या व शेळ्या, असे दिसून आले.

आता ओट्यांखालच्या माणसांविषयी. एका घरात पुरलेले ते एका कुटुंबाचे, हे इतके स्वाभाविक वाटत होते की ते तपासण्याची गरज कोणास भासली नाही. २०११ साली मारिन पिलाउड व क्लार्क लार्सन यांनी दातांच्या ठेवणीची तुलना केली, तेव्हा एकाच घरात पुरलेले लोक परस्परांना इतरांहून विशेष जवळचे नाहीत, असे आढळले. पुढे प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पस्तीस घरांतील एकशेएकतीस व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासानुसार, घरात जे रक्ताचे नाते आढळते ते मुख्यतः मातृपक्षाचे आहे. मुली घराशी जोडलेल्या राहत. मुलगे मोठे होऊन बहुधा अन्य घरांत जात. शिवाय लहान मुलींच्या दफनांत मुलांच्या तुलनेत वस्तू बऱ्याच अधिक ठेवलेल्या आढळल्या. उत्तरकाळात मात्र एका घरातील मृतांमधले रक्तसंबंध विरळ होत जातात.

मराठीत ‘घर’ हा शब्द वास्तूला लागतो, कुटुंबाला लागतो आणि ‘घराणे’ या रूपात वंशालाही लागतो. तिन्ही अर्थ एकत्र नांदतात हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते, की ते वेगळे होऊ शकतात हे चटकन ध्यानात येत नाही. चातालहुयुकमध्ये ते वेगळे झालेले दिसतात. एका चुलीभोवती वाढलेली माणसे एका रक्ताची असत असे नाही, आणि तरीही मृत्यूनंतर ती त्याच ओट्याखाली जात. हाडांतील समस्थानिकांवरून स्त्रीपुरुषांच्या आहारात फारसा भेद दिसत नाही. वृद्धांच्या फासळ्यांच्या आतील बाजूस काजळीचे साठे मिळतात. धुराने भरलेल्या त्या खोलीत दोघांनीही सारखाच काळ काढला असावा. मातृवंशाच्या या पुराव्यावरून ‘मातृसत्ता’ हा शब्द पुन्हा वर्तमानपत्रांतून दिसू लागला आहे. वंश मातेकडून मोजणे आणि सत्ता मातेच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी होत. केरळातील नायर समाजाच्या तरवाडात कारभार मामाच्या हाती असे, हे मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

या लोकांची भाषा कोणती, हा प्रश्न १९८७ पासून विशेष चर्चेत आला. त्या वर्षी कॉलिन रेन्फ्रू यांनी असा सिद्धांत मांडला की भारत-युरोपीय भाषा इ.स.पू. सात हजारच्या सुमारास आनातोलियातील पहिल्या शेतकऱ्यांबरोबर पसरल्या. भारताच्या बाबतीतही शेतीबरोबरच भाषा आली असावी, असा एक पर्याय त्यांनी सुचविला होता. त्याआधी, १९५६ पासून, मारिया गिम्बुटास यांचा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचा पक्ष होता. रेन्फ्रू यांची मांडणी खरी, तर चातालहुयुकच्या घरांत संस्कृत व ग्रीक यांची पूर्वज भाषा, किंवा तिची एखादी भगिनी, बोलली जात असली पाहिजे.

येथे शब्द साक्ष देतात. संस्कृत ‘चक्र’, ग्रीक ‘कुक्लोस’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. संस्कृत ‘अक्ष’ व लॅटिन ‘आक्सिस’ यांचेही तसेच. मराठीतील गाडीचे ‘चाक’ आणि त्याचा ‘आस’ हे त्यांचेच तद्भव. चाकाच्या गाडीचा पुरावा इ.स.पू. साडेतीन हजारच्या सुमारास मिळू लागतो. म्हणजे या शाखा वेगळ्या होण्यापूर्वी त्यांच्या पूर्वज भाषेला गाडी ठाऊक होती, आणि चातालहुयुक तर गाडीपूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे ओस पडलेले होते. आनातोलियातच पुढे लिहिल्या गेलेल्या हित्ती भाषेची साक्ष मात्र निराळी आहे. तिच्यातला चाकाचा शब्द ‘हुर्की’. त्याचा ‘चक्रा’शी संबंध नाही. पण दांडीला तिच्यात ‘हिश्शा’ म्हणतात, आणि तो संस्कृत ‘ईषा’ या शब्दाचा सगोत्र आहे. नांगराच्या लांब दांड्याला मराठी शेतकरी ‘हळस’ म्हणतो; ‘हल’ आणि ‘ईषा’ मिळून झालेल्या ‘हलीषा’चेच ते रूप. ‘जू’ आणि हित्ती ‘युगन्’ यांचे नातेही उघड आहे. दांडी व जू नांगरालाही असतात. त्यांना चाक लागत नाही. म्हणून हित्तीची शाखा चाकाच्या आधीच मूळ कुलापासून वेगळी झाली असावी असे अनेक विद्वान मानतात, आणि चाकाचा युक्तिवाद तिच्यापुरता सैल पडतो.

२००३ साली रसेल ग्रे व क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी शब्दसूचींच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणातून रेन्फ्रू यांना अनुकूल काळ काढला. तो भाषाशास्त्रज्ञांना फारसा रुचला नाही. २०१५ नंतर प्राचीन डीएनएने दोन गोष्टी दाखविल्या. आनातोलियातील शेतकरी युरोपात खरोखरच गेले. रेन्फ्रू यांच्या सिद्धांताचा तेवढा भाग खरा ठरला. पण त्यानंतर, इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात, गवताळ प्रदेशातून युरोपात दुसरे मोठे स्थलांतर झाले, आणि भारत-युरोपीय भाषांचा प्रसार त्याच्याशी अधिक जुळतो. स्वतः रेन्फ्रू यांनी २०१७ साली गिम्बुटास यांच्या स्मृत्यर्थ दिलेल्या व्याख्यानात त्यांचा पक्ष बव्हंशी खरा ठरल्याची मोकळेपणाने कबुली दिली. भारताकडे पाहता, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या राखीगढी येथील एका स्त्रीचा डीएनए २०१९ साली प्रसिद्ध झाला; त्यात आनातोलियाच्या शेतकऱ्यांचा वारसा आढळला नाही. शेतीबरोबर भाषा भारतात आली या पर्यायाला त्यामुळे फारसा आधार उरला नाही. वाद पूर्णपणे मिटलेला मात्र नाही : २०२३ च्या एका अभ्यासाने कॉकेशसच्या दक्षिणेस मूळ व गवताळ प्रदेशात दुय्यम केंद्र अशी संमिश्र मांडणी केली आहे. कोन्याच्या मैदानातून निघालेल्या शेतकऱ्यांबरोबर कोणती तरी भाषा युरोपात गेली असणारच. तिचे वंशज आज कदाचित एकही नसतील.

वस्तीतील मातीच्या ठशांवर नागमोडी रेघा, हात, अस्वल अशी चिन्हे पुन्हापुन्हा येतात, म्हणून त्यांत लिपीचे बीज शोधण्याचा मोह होतो. परंतु लिपी म्हणण्यास चिन्हांचा क्रम लागतो, आणि ठशावर एकच चिन्ह किंवा एकच नक्षी असते. ते अंगावर, कातड्यावर वा कापडावर उमटविण्यासाठी असावेत.

मुक्या पुराव्याला बोलते करण्याचा हाच मोह मेलार्ट यांच्या बाबतीत शेवटी दुःखद रूपाने प्रकट झाला. १९८९ साली त्यांनी चातालहुयुकच्या आणखी कित्येक भित्तिचित्रांच्या ‘पुनर्रचना’ प्रसिद्ध केल्या. त्यांची छायाचित्रे नव्हती, १९६० च्या दशकातील अहवालांत उल्लेख नव्हता, आणि नक्षी मात्र आजच्या आनातोलियन गालिच्यांशी विलक्षण जुळत होती. २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांतून निघालेला बेयकोय येथील लुवियन चित्रलिपीतला एक मोठा लेख एबरहार्ड त्सांगर यांनी २०१७ साली सहलेखकासह प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्सांगर यांनी मेलार्ट यांच्या लंडनमधील अभ्यासिकेची स्वतः तपासणी केली, आणि तेथील साहित्यावरून मेलार्ट अनेक दस्तऐवज स्वतःच रचीत असत असे जाहीर केले. लुवियन लिपीचा सराव केलेले कागद तेथे होते, आणि चातालहुयुकच्या भित्तिचित्रांचे कच्चे नमुने पाटीच्या दगडाच्या तुकड्यांवर कोरलेले होते.

याचा अर्थ १९६१ ते १९६५ मधील त्यांचे उत्खननच संशयास्पद होते, असा नाही. १९९३ पासून जुने खड्डे पुन्हा साफ करण्यात आले, तेव्हा त्यांच्या आराखड्यांतील घरे ओळखता आली, आणि त्यांच्या थरांची जुनी क्रमवारी नव्या क्रमवारीशी जोडून घेता आली. मूर्ती व शिंगे खरी, दफनेही खरी. २०१२ साली या स्थळाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, आणि २०१८ नंतर उत्खननाची सूत्रे तुर्की पुरातत्त्वज्ञांच्या हाती आहेत. साठ वर्षांच्या या सर्व खोदकामात पूर्वेकडील टेकाडाचा जो भाग उघडला गेला, तो एकंदर क्षेत्राच्या शेकडा पाचांच्या आसपासच आहे.